गाडीच्या दारातला पखवाज

गाडीचं दार उघडणं वेगळं आणि दार सोलणं वेगळं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका अरुंद गाळ्यात अन्वरभाईंनी माझ्या गाडीच्या डाव्या दाराचं आतलं प्लास्टिकचं अस्तर कटकट करत उचकटलं आणि आतून गंज, जुनं ग्रीस आणि साचलेलं पाणी यांचा मिसळलेला वास आला. मी स्टुलावरून उठले आणि चक्क त्या दारात नाक घातलं.

“वास काय घेताय मॅडम? वाट लागलीय दाराची,” अन्वरभाई म्हणाले. “आणि हा बघा तुमचा कंपनीचा स्पीकर.”

त्यांनी तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. पापडासारखा हलका, मागचं लोहचुंबक बिस्किटाएवढं. इतकी वर्षं मी याच्यातून बातम्या ऐकल्या आणि त्याला आवाज म्हणत आले.

“ह्याच्यातून तुम्हाला ढोल ऐकायचाय?”

“ढोल नाही. पखवाज. आणि त्याचीही डावी बाजू.”

अन्वरभाई मूळचे चिपळूणचे. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “भजनातला?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी दुसरा चहा मागवला. मी योग्य जागी आले आहे, एवढं मला तिथंच कळलं.

दारातला तो वास बाबांच्या खाकी शर्टाचा होता.

विक्रोळीला आम्ही राहायचो तेव्हा चाळीचा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालायचा. बाबा लेथवर कामाला. संध्याकाळी आले की अंगाला कापलेल्या लोखंडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास. चहासुद्धा न घेता ते आधी मोरीत बसायचे. लाकडाचा भुसा आणि धुण्याचा सोडा एकत्र करून हात कोपरापर्यंत घासायचे, धुवायचे, बोटं नाकाशी नेऊन हुंगायचे आणि पुन्हा घासायचे. तेलाचा वास गेल्याची खात्री झाली की मग खुंटीवरच्या पखवाजाची खोळ निघायची. ती खोळ आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची होती, तिला नाडी मात्र माझ्या फ्रॉकची.

“तेलाचो हात चामड्याक लागता नये,” हे आमच्या घरातलं पहिलं शास्त्र. देवाला नमस्कार करायचा राहिला तर एक वेळ चालून जायचं.

बाबा चाळीच्या भजनमंडळात पखवाज वाजवायचे. पखवाजाची उजवी बाजू बोलकी असते, तिच्यावर काळी शाई असते आणि बोटं नाचतात. डावी बाजू मोठी. तिला धुमा म्हणतात आणि ती आपण होऊन काही बोलत नाही. तिच्यावर ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा तिचा आवाज खाली उतरतो. नुसतं पीठ आणि पाणी. बाबा मांडी घालून बसत, कणीक थापत, मान तिरकी करून एक थाप देत, मग चिमूटभर काढत, पुन्हा थाप, पुन्हा चिमूटभर लावत. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तेवढ्या वेळापुरती पूर्ण शांतता असायची. स्टोव्हसुद्धा आई बारीक करायची. आणि मग तो आवाज यायचा. मी मुद्दाम फरशीवर पालथी पडायचे, कारण धुमा कानाआधी पोटाला ऐकू यायचा.

वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची. ती कोमट असायची, तिला चामड्याचा वास लागलेला असायचा. ती मुठीत घेऊन खाडीकडे जायचं आणि तिवरांपाशी माशांना टाकून यायचं, हे माझं काम. पुरुषांच्या त्या सगळ्या कारभारात माझं म्हणून एवढंच होतं आणि मी ते कुणाला करू देत नसे.

आता त्या दिवसाचं सांगायला हवं. टाळत आलेय, पण सांगायला हवं.

चाळीची सत्यनारायणाची पूजा होती आणि दुपारी डबलबारी. म्हणजे दोन भजनमंडळं समोरासमोर बसतात, एका बुवानं गायचं, दुसऱ्यानं त्याला गाऊनच उत्तर द्यायचं, टोमणे मारायचे, आणि शेवटी गजर. गजर म्हणजे लय चढत जाते आणि सगळी भिस्त पखवाजावर येते. आमच्या चाळीचा रिवाज असा की समोरच्या मंडळाला आधी पोटभर जेवू घालायचं आणि मग त्यांच्याशी भांडायला बसायचं. त्यामुळे सकाळपासून आई वड्यांच्या कढईपुढे. तिथूनच ती ओरडली, “गो, बाबांची कणीक मळून ठेव!”

मी नऊ वर्षांची. त्याच महिन्यात चपातीची कणीक मळायला शिकले होते आणि ती मला छान जमते असं सगळे म्हणत होते. मी परात घेतली. पीठ घेतलं. बाबांची कणीक म्हणून जरा जास्तच प्रेमानं मळली. चिमूटभर मीठ घातलं. शेवटी वरून तेलाचा हात दिला, शिकवलं होतं तसा. गोळा असा मऊ आणि चकचकीत झाला की मी तो वाटीत ठेवून दोनदा बघितला.

गजर सुरू व्हायच्या आधी मला चहाची किटली आणायला पाठवलं. परत आले तोवर संपलं होतं. समोरच्या मंडळातले काही जण तोंडाला उपरणं लावून हसत होते. आमचे बुवा उठून बाहेर गेले होते. बाबा बसल्या जागी बसून होते, डावा हात मांडीवर. मी किटली घेऊन पुढे गेले तर त्यांनी माझ्याकडे बघून हसू आणलं आणि ऐकू जाईल अशा बेतानं सगळ्यांना म्हणाले, “माझोच हात चुकलो.”

पुढे कित्येक दिवस चाळीत तेच. अमक्याचा पखवाज भर गजरात पडला. बाबा ऐकून घ्यायचे आणि तेच एक वाक्य म्हणायचे. पाळी बदलली, मंडळाला जायला जमेना, असं घरात बोलणं होऊ लागलं. एका गणपतीत पखवाज चुलतकाकांबरोबर गावी गेला तो गेलाच. नंतर आयुष्यभर बाबा रेडिओवर भजन लागलं की टेबलावर उजव्या हाताची बोटं वाजवायचे. डावा मांडीवर गप्प.

पंधराएक दिवसांनी मी चपात्यांची कणीक मळत होते. आई माझ्याकडे पाठ करून भाजी चिरत होती. तशीच पाठमोरी म्हणाली, “चपातीच्या कणकेत मीठ-तेल घालतात. बाबांच्या कणकेत काय्येक घालूचा नसता.” बस, एवढंच. मी परातीत हात तसेच ठेवून बसले. तेलानं कणीक चामड्याला धरत नाही हे समजायला मला कुणाची गरज नव्हती. त्या दुपारी कणीक सुटली होती की खरंच बाबांचा हात चुकला होता? मी विचारलं नाही. त्या दिवशी विचारलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी विचारता आलं नाही, आणि असं करत करत चाळीस वर्षं गेली.

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या दाढीच्या पेटीत एक कॅसेट निघाली होती. मंडपवाल्यानं त्या डबलबारीचं रेकॉर्डिंग करून त्यांना दिलेलं. आमच्या घरात टेप कधी नव्हताच, त्यामुळे ती वाजलीही नव्हती. मी ती पुढे नऊ वर्षं कपाटात ठेवली, यावरून माझं धैर्य ओळखा. यंदा घाटकोपरच्या एका दुकानात ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. इयरफोन लावून ऐकायला बसले, अभंग झाला, गौळण झाली, गजराची चाल लागली आणि मी इयरफोन काढले. एकटीनं ऐकायची छाती झाली नाही.

कारण ती कणीक ओळखणारं आता एकच माणूस उरलंय. आई. आणि आईचे कान चाललेत.

मुलुंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज गेलेत, जाड आवाज अजून थोडे येतात, तेही हळूहळू कमी होतील. कानाचं मशीन तिनं चार दिवस लावलं आणि पाचव्या दिवशी खणात टाकलं. “ता किंचाळता माझ्या कानात,” म्हणाली. टीव्ही मोठा करावा तर शेजारचे भिंत ठोकतात. पण एकदा तिला गाडीतून नेत असताना सिग्नलला ती दाराला हात टेकवून बसली होती आणि मान न वळवता म्हणाली, “बाजूक ट्रक इलो.” खरंच ट्रक होता. तिनं तो हातानं ऐकला होता.

त्या सिग्नलवर मी ठरवलं. या दारातून पखवाजाचा धुमा वाजला पाहिजे. आईला अजून थोडं ऐकू येतंय तोवर वाजला पाहिजे.

ठरवणं सोपं असतं. मी शाळेच्या ऑफिसात कारकून, गाडी दुसऱ्या हातची, आणि खर्चाला मुभा किती ते सांगितलं की दुकानदार मोबाइल बघायला लागायचे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एकानं मला डिक्कीभर स्पीकरचा खोका दाखवला. “हा टाका, पुलावरून गेलात तर पूल हलंल.” मी म्हटलं, मला पूल हलवायचा नाही, भजन ऐकायचंय. तो म्हणाला, “भजनाला बास कुठे असतो मॅडम?” मी त्याच्याशी पंधरा मिनिटं भांडले. घेतलं काही नाही, पण बरं वाटलं. दुसरा म्हणाला की आधी प्लेअरचा पडदा बदला, मग बोलू. मला पडद्यावर काही बघायचंच नव्हतं.

अन्वरभाईंनी मात्र पैशाची लाज वाटू दिली नाही. “कंपनीचा प्लेअर राहू द्या. मागचे स्पीकर राहू द्या, मागे बसतंय कोण? पुढचे दोन चांगले टाकू. एकदम सगळं करायचंच नाही.” तसे त्यांनी पुढचे दोन स्पीकर बदलले. आपल्या तळहाताला भार जाणवेल असे जड होते. मी घरी येताना पूर्व द्रुतगती मार्गावर काचा बंद करून अभंग लावला. बुवांचा आवाज स्वच्छ झाला होता. झांजा चमकल्या. पखवाजाची उजवी बाजू तर अशी की बाबांची बोटं मोजावीत. पण डावीकडे खडखड. धुमा जिथे यायला हवा तिथे दार खुळखुळत होतं.

सरळ सांगते, मी रडले. मग विक्रोळीच्या पुलाखाली गाडी बाजूला घेऊन अन्वरभाईंना फोन लावला.

“स्पीकर झकास आहे मॅडम. दार बोगस आहे,” ते म्हणाले. “पत्रा पातळ. स्पीकरबरोबर तो पण वाजतो. त्याला गप केलं पाहिजे. पुढच्या महिन्यात या.”

पुढचा महिना म्हणजे पुढचा पगार, हे त्यांना न सांगता कळलं होतं. तो महिना मी आईकडे बघत काढला. बेल वाजली की ती उठते का, कुकरच्या शिट्टीला वळते का. शिट्टीला ती वळेनाशी झाली होती.

दुसऱ्या खेपेला त्यांनी दार पुन्हा सोललं. डांबराच्या जाडजूड, वरून चंदेरी पट्ट्या काढल्या. या पत्र्याला आतून चिकटवायच्या, म्हणजे त्याला वजन येतं आणि तो खुळखुळत नाही. त्यांनी आधी नुसत्या पत्र्यावर बोटानं टिचकी मारली. टण्ण. मग एक पट्टी चिकटवून रूळ फिरवला आणि पुन्हा टिचकी. ठप.

“कणीक,” माझ्या तोंडून निघालं. मग त्यांना समजावून सांगितलं, धुमा, गोळा, चिमूटचिमूट लावणं. अन्वरभाईंना फार मजा वाटली. “म्हणजे मी गाडीच्या दाराला कणीक लावतोय!” उरलेल्या पट्ट्या त्यांनी तशाच लावल्या. एक लावायची, टिचकी मारायची, मान तिरकी करायची. मी स्टुलावर बसून बघत राहिले आणि त्या गाळ्यात मला फार घरगुती वाटलं.

दुसऱ्या दाराकडे वळताना त्यांनी फडक्यावर थिनर ओतलं आणि पत्रा पुसायला घेतला. पुसून झाला, तरी पुन्हा पुसला.

“किती पुसता?”

“पुसायलाच लागतं. तेलाचा एक डाग राहिला ना, तर ऐन उन्हात सुटते. सगळी मेहनत पाण्यात.”

मी उठून बाहेर आले. टपरीवर पाणी प्यायले. रस्त्यावर टेम्पो रिकामा होत होता, लोखंडी सळ्या पडत होत्या, मी त्या बघत उभी राहिले. कणीक सुटली होती, माझ्यामुळेच सुटली होती, हे मला तिथं टपरीवर पक्कं माहीत झालं. तरीही ऐकायचं होतं. उलट आता जास्तच ऐकायचं होतं. आत जाऊन म्हटलं, “अन्वरभाई, अजून एकदा पुसा.” त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा पुसला. कुणाच्या तरी गाडीतून निघालेला एक जुना लहान ॲम्प्लिफायर त्यांनी सीटखाली बसवून दिला आणि म्हणाले, “हा माझ्याकडून. भजनासाठी.”

रविवारी सकाळी मी आईला खाली पार्किंगमध्ये आणलं. तिनं बाहेर जायचं म्हणून नवी साडी नेसलेली.

“खय जावचा हा?”

“कुठंच नाही. बस. दाराला हात लाव.”

मी काचा बंद केल्या. गजराच्या थोडं आधीपासून लावलं. बुवांचा आवाज आला तेव्हा आईचा चेहरा तसाच होता, तो आवाज तिला ऐकू येतच नव्हता. मग पखवाज शिरला. धुमा असा आला की माझ्या पाठीला सीट जाणवली. आईनं तळवा दारावर सपाट केला. मी तिला काय लावलंय ते सांगितलं नव्हतं.

“तेंचो हात,” ती म्हणाली.

गजर चढू लागला. झांजा, टाळ्या, बुवांच्या मागून तीस-चाळीस गळे आणि खाली बाबा. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते, गाडी बंद असून. लय दुप्पट झाली. आणि मग काहीतरी ओलं फाटल्यासारखा आवाज झाला आणि धुमा एकदम उघडा पडला. टण्ण. आधी मला वाटलं, दारातली पट्टी सुटली.

“सुटली,” आई म्हणाली. दारातली नव्हे, हे तिला बरोबर कळलं होतं.

मी रेकॉर्डिंग थांबवलं आणि तिच्या बऱ्या कानाशी वाकले. “आई, ती कणीक मी मळली होती. मीठ घातलं होतं. तेलसुद्धा.”

“काय?”

चाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मला पार्किंगमध्ये ओरडून सांगावी लागली. “मी तेल घातलं होतं! कणकेत!”

“माका म्हायत आसा,” आई म्हणाली. “तेंका पण म्हायत होता. घराक येवन तेनी कणीक जिभेर लावन बगल्यानी. माका म्हणाले, आपल्या चेडवाक सांगू नको.”

“मग हात चुकला म्हणाले ते?”

“चुकलो?” आईनं दारावरचा तळवा उचलला नाही. “आयक तू. खय चुकलो?”

मी रेकॉर्डिंग पुढे सुरू केलं आणि ऐकलं. कणीक गेल्यावर एक-दोन थापा नुसत्याच टणटणल्या. झांजा विसकटल्या, गळे इकडे-तिकडे झाले, समोरून कुणी हसल्याचंही ऐकू आलं. आणि मग खालून एक आवाज सुरू झाला. ठप. ठप. बाबा उघड्या चामड्यावर अख्खा तळवा दाबून धरत होते, ते टणटणू नये म्हणून. त्याला धुम्याची गोडी नव्हती, नाद नव्हता, ऐकायला ते वाईटच होतं. पण मात्रा एकही हलली नव्हती. हळूहळू झांजा त्या ठपठपीवर परत आल्या, मग गळे आले, आणि गजर शेवटपर्यंत गेला. हरले ते, पण गजर सोडला नाही. पुढे सगळ्या जगाला हात चुकला म्हणून सांगितलं, तो हा हात.

मला बाबांचा रागही आला. एवढा हात असून मांडीवर गप्प ठेवला, माझ्यासाठी. मी खूप रडले आणि आईनं मला रडू दिलं. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती दाराकडे मान तिरकी करून बसली होती, बाबा कणीक लावताना बसायचे तशी.

रेकॉर्डिंग संपलं. वॉचमन काचेतून डोकावून गेला. आईनं मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“मागे घे,” ती म्हणाली. “कणीक सुटल्यानंतरचो हात माका परत आयकव.”

मी तिथपासून लावलं.